रशियातलं स्काऊट शिबिर: व्हिसा सुटतो, मॉन्टूचा कागद अडतो

रशियात शिबिराला मुलं न्यायची म्हटलं की पालक आधी व्हिसाचं विचारतात. तो भाग सोपा आहे. भारतीय पासपोर्टवर २०२३ पासून ई-व्हिसा मिळतो, उत्तर साधारण चार दिवसांत येतं आणि सांस्कृतिक कार्यक्रमालाही तो चालतो. फक्त ठरावीक विमानतळांवरून आणि नाक्यांवरूनच प्रवेश मिळतो, म्हणून तिकिटाआधी ती यादी पाहा.

आमचं गाडं अडलं ते आरोग्याच्या कागदांवर. रशियन शिबिरं ०७९ क्रमांकाच्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात: लसी तारखांसह, जुने आजार आणि क्षयरोगाची तपासणी. क्षयरोगासाठी हाताच्या त्वचेत सुई टोचून दोन-तीन दिवसांनी तिथली गाठ मोजतात, ती मॉन्टू टेस्ट. मुलांची ती आम्ही एका खासगी रुग्णालयात करून घेतली. रिपोर्टवर एकच शब्द, ‘निगेटिव्ह’. तिकडच्या डॉक्टरांना तो शब्द नको असतो, मिलिमीटर हवे असतात. आपल्याकडे सहसा १० मिमीपासून पुढे पॉझिटिव्ह धरतात, तिकडे ५ मिमीपासून. त्यामुळे ७ मिमीची गाठ आलेलं मूल इथे निगेटिव्ह आणि तिथे पॉझिटिव्ह! आकडा लिहून द्या म्हणून विनवलं, तर काउंटरवरून एकच उत्तर: ‘आमच्याकडे असंच लिहितात.’ हातावरची गाठ तोवर बसून गेलेली, म्हणजे मोजणार काय? टेस्ट पुन्हा करावी लागली. पट्टी लावून वाचलेला आकडा कागदावर उतरवायला अर्धा मिनिटही लागत नाही. मुलांना दुसऱ्यांदा सुई टोचायला लावल्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सुई टोचण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. कागदावर टोचल्याची तारीख, ट्युबरक्युलिन (टोचायचं औषध) किती युनिट, वाचल्याची तारीख आणि गाठीचा आडवा व्यास मिमीमध्ये हवा. भोवतीची लाली मोजायची नाही, फक्त हाताला लागणारा कडक भाग. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. तिकडे ७२ तासांनी वाचतात, म्हणून गुरुवारी टोचून घेऊ नका, वाचायला रविवार येतो. गोवराची किंवा एमएमआरची लस राहिली असेल तर मॉन्टू आधी किंवा त्याच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबा. आकडा ५ च्या वर गेला तर घाबरू नका, बीसीजी ही क्षयरोगाची लस घेतलेल्या मुलांमध्ये असं होऊ शकतं. छातीचा एक्स-रे काढा आणि ‘सक्रिय क्षयरोग नाही’ असं छातीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ही चिठ्ठी बालरोगतज्ज्ञाची चालेलच असं नाही, कारण तिकडे क्षयरोगाचा डॉक्टर वेगळा असतो.

दुसरा पेच ‘संसर्गजन्य रोग्याशी संपर्क नाही’ या दाखल्याचा. शिबिरात पोचताना तो तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही. मुंबईहून मॉस्को, पुढे रेल्वे किंवा दुसरं विमान, यातच वेळ सरतो. रशियन आणि इंग्रजी मजकुराचा कोरा नमुना आधीच छापून ठेवला तर निघायच्या दिवशी डॉक्टरांना फक्त तारीख, सही आणि शिक्का एवढंच उरतं. पोचल्यावर शिबिराचे डॉक्टर पुन्हा तपासतील का, हे यजमानांना पत्रातच विचारा.

आई-वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र रशियन भाषांतरासह लागतं, हे राहिलंच. उपचारांची संमती वेगळी. पंधरा वर्षांवरच्या मुलांना ती रशियन कायद्यानुसार स्वतः देता येते, म्हणून त्यांच्याही सह्या घ्या. स्काऊटचं आंतरराष्ट्रीय परिचयपत्र राष्ट्रीय मुख्यालयाकडून येतं आणि अर्ज जिल्हा व राज्य संस्थेमार्फत जातो, त्यामुळे ते काम सगळ्यात आधी सुरू करा.

पैशांचं म्हणाल तर भारतातली व्हिसा, मास्टरकार्ड ही बँकेची कार्डं तिथे २०२२ पासून चालत नाहीत. डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या.

जंगलातला तळ असेल तर गोचीड चावल्यावरच्या उपचारांच्या विम्याचं यजमानांना विचारा, तिथे तो वेगळा मिळतो. गोचिडीमुळे मेंदूज्वर होऊ शकतो. पँट मोज्यात खोचायची आणि दर दोन तासांनी जोडीदाराचे कान, मान, काखा तपासायच्या, हे मुलांकडून इथेच करून घ्या.

कार्यक्रमासाठी लेझीम नेत असाल तर चेक-इन सामानात टाका. आणि स्कार्फ जास्तीचे न्या: शेकोटीनंतर रशियन मुलं अदलाबदल करायला येतातच, मग गणवेशाला एक तरी उरायला हवा.