तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर, अजून मास्क?

"सिस्टर, करोना गेला, तुमचा मास्क काय जाईना?" बाजारात, एसटीत, लग्नात, आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. 2022 च्या गुढीपाडव्याला राज्यातली मास्कसक्ती उठली, तेव्हापासून चाललंय.

खरं सांगू? मलाही तो नकोसा होतो. जूनपासून आमच्या मालवणात हवाच ओली. साधा तिपदरी मास्क ओपीडी अर्धी व्हायच्या आत गालाला चिकटतो. ओला झाला की बदलायचा हा नियम; बाहेर रांग असताना तो कितीदा पाळला जातो, ते आम्हालाच ठाऊक. शिवाय सगळीकडे तो लागतच नाही. लेप्टोचा ताप येतो तो चिखलपाण्यातून, पायाच्या चिरांतून. तिथे गमबूट हवेत, मास्क नव्हे.

पण टीबीच्या संशयिताच्या थुंकीचा नमुना घ्यायचा असला की मी एन-95 लावतेच. खोकल्यातून उडालेले टीबीचे जंतू बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणून नमुना आम्ही मागच्या अंगणात फणसाखाली घेतो. पेशंटला साधा मास्क देतो, त्याचे तुषार अडावेत म्हणून. मला मात्र तो पुरत नाही, कडेने हवा आत येतेच. एन-95 ची नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवायची आणि जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांवर वारा आला तर परत बसवायचा. आमच्या एका दाढीवाल्या सहकाऱ्याचं घोडं कायम इथेच अडतं.

2020 मध्ये मी एक गाढवपणा केला. एन-95 मिळत नव्हते, म्हणून होता तोच साबणाने धुऊन दोरीवर वाळत घातला. त्याच्या थरांत स्थिर विजेचा भार असतो, बारीक कण त्यालाच चिकटतात. साबणाने तोच जातो. दिसायला मास्क होता तसाच. मी तो आणखी आठ दिवस लावून फिरले.

आणि मास्क काढते कधी? बीपीच्या गोळ्यांना येणाऱ्या एक आजी आहेत, कानाने अधू, ओठांवरून बोलणं ओळखतात. "गो बाय, ता काड आदी, माका तुजा कायेक समाजना नाय." मग खिडकी उघडते, दोन पावलं मागे सरते नि मास्क खाली घेऊन सांगते, रोज एकच, चुकवायची नाही. गेल्या खेपेला त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "बारीक झालंस गो."