‘भट्टी एकच हाय व्हय?’

जैन पिझ्झा मागितला की आत नेमके काय होते, हे काउंटरपाशी उभ्या असलेल्या माणसाला सहसा कळत नाही. ऑर्डर गेली की आतल्या पडद्यावर ‘जैन’ ही अक्षरे उमटतात, पिझ्झा लावणारा मुलगा हातमोजे बदलतो, कांदा-लसणाच्या नेहमीच्या सॉसऐवजी वेगळ्या झाकणाचा डबा काढतो, आणि भाजून आलेला पिझ्झा हिरव्या मुठीच्या कटरनेच कापला जातो. लाल मुठीचा कटर चिकनसाठी असतो. सांगलीसारख्या ठिकाणी, जिथे मराठी बोलणारा जैन समाज पिढ्यानपिढ्या शेती आणि व्यापार करत आला आहे, तिथे ही शिस्त ढिली पडून चालत नाही. विश्रामबाग भागातल्या आमच्या दुकानात शिफ्ट मॅनेजर म्हणून गेली चार वर्षे मी ती कसोशीने पाळून घेत आलो आहे, आणि तिचा मला अभिमानही होता.

गेल्या श्रावणातल्या एका मंगळवारी पाचच्या सुमारास एक कुटुंब आले. मुलगा, सून, नऊ-दहा वर्षांची नात आणि डोक्यावरून पदर घेतलेल्या आजी. नातीचा वाढदिवस होता; चातुर्मास असल्यामुळे दिवस मावळायच्या आत खाणे उरकायचे म्हणून ते इतक्या लवकर आले होते. आजींनी काउंटरवरच्या मुलाला थेट विचारले, “बाळ, ह्यात कांदा-लसूण न्हाई न्हवं?” तो नाही म्हणाला. “आन् ते चिकनचं?” त्यावर त्याने शिकवलेले वाक्य म्हटले, “आमच्याकडं व्हेज आणि नॉनव्हेज पूर्ण वेगळं असतं, आजी.” हा मुलगा एकोणीस वर्षांचा, रुजू होऊन तीन आठवडे झालेले. ते वाक्य मीच त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले होते.

पिझ्झा टेबलावर गेला तेव्हा मी स्वतः जाऊन तिथल्या सीझनिंगच्या पुड्या उचलल्या, कारण आमच्या त्या मसाल्यात लसणाची पावडर असते. (एरवी या पुड्या मूठभर खिशात घालून नेणारी चांगली शिकलेली माणसे मी रोज पाहतो.) आजींचा मुलगा खूश होऊन म्हणाला, “एवढं कोण बघतंय हो हल्ली!” नातीने हट्ट केला आणि आजींनी अर्धा तुकडा खाल्ला. मी मनातून फुललो होतो.

आता भट्टीविषयी सांगायला हवे. आमची भट्टी म्हणजे पोलादी बोगदा असतो. त्यातून तारेच्या जाळीचा पट्टा सावकाश सरकत राहतो, वरून आणि खालून साधारण अडीचशे अंश तापलेल्या हवेचे झोत सुटतात, आणि या तोंडाने आत गेलेला पिझ्झा सहा-सात मिनिटांत त्या तोंडाने भाजून बाहेर येतो. आत डोकावावे लागत नाही, उलटावे लागत नाही. तीन आठवड्यांच्या मुलाच्या हातचा आणि माझ्या हातचा पिझ्झा सारखाच होतो, आणि स्वस्त पिझ्झाचे सगळे अर्थकारण त्या पट्ट्यावर चालते. अशा दोन भट्ट्या आमच्याकडे एकावर एक आहेत. परंतु दुपारी तीन ते सहा गिऱ्हाईक कमी, म्हणून वरची बंद ठेवायची असा विजेच्या बिलापायी निघालेला हुकूम आहे, आणि ती पुन्हा तापायला अर्धा तास लागतो. त्यामुळे त्या वेळात जे काही भाजायचे ते एकाच जाळीवर भाजले जाते. जाळीवर सांडलेले चीज आणि चिकनचे कण रात्री दुकान बंद झाल्यावरच साफ होतात.

त्या दिवशी कॉलेजच्या वसतिगृहातून दोन चिकन पिझ्झांची ऑर्डर आली होती. आमचे हात धुण्याचे बेसिन स्वयंपाकघराच्या काचेला लागून आहे. सगळे उघड दिसते, अशी जाहिरात करण्यासाठीच ती काच बसवलेली आहे. आजी हात धुवायला गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. चिकनचे दोन्ही पिझ्झे बाहेर आले आणि त्यांच्या मागून, वीतभर अंतरावर, कुणाचा तरी साधा शाकाहारी पिझ्झा आला.

त्या माझ्याकडे आल्या. आवाज चढलेला नव्हता. “भट्टी एकच हाय व्हय?”

“हो, आजी.” एवढ्या उष्णतेत जंतू उरत नाहीत, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, पण त्यांचा प्रश्न जंतूंचा नव्हता, इतके मला तरी समजत होते.

“मग त्या पोराला ठावं न्हवतं, का त्यानं खोटं सांगितलं?”

“नवीन आहे तो, आजी,” मी म्हणालो.

मुलगा माझ्या मागे, दोन हातांवर उभा होता. सकाळपासून ती भट्टी तोच सांभाळत होता.

मी पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. “पोरीला काय बोलू नगा, तिचा आजचा दिस हाय. म्या खाल्लं, त्याचं माझं मी बघीन,” एवढे म्हणून त्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि नातीच्या वहीवरच्या चित्राचे कौतुक करू लागल्या. रात्री त्यांच्या मुलाने आमच्या फीडबॅकमध्ये पाच तारे दिले आणि पुड्या उचलणाऱ्या मॅनेजरची खास स्तुती केली. एरिया मॅनेजरांनी ती सर्व शाखांच्या ग्रुपवर टाकली. तक्रारींच्या रकान्यात त्या दिवशी शून्य आहे.

मी एरिया मॅनेजरांना लिहिले की वरची भट्टी दिवसभर फक्त शाकाहारीसाठी चालू ठेवावी, निदान मेन्यूवर एक ओळ तरी छापावी. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळीने पदार्थासमोर किलोकॅलरी आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह छापावे, असा नियम २०२२ पासून लागू आहे. त्यामुळे कोणत्या पिझ्झात किती किलोकॅलरी आहेत हे आमचा मेन्यू सांगतो, भट्टीविषयी मात्र त्यात अवाक्षर नाही. उत्तर आले, “भांडी पॉलिसीप्रमाणे वेगळी आहेत, प्रश्न येत नाही.” माणूस वाईट नाही. त्याला दर महिन्याला विजेच्या आकड्यावरून बोलणी खावी लागतात, आणि तो स्वतः घरचा डबा आणतो.

त्या रात्री पट्टा घासताना मुलाने विचारले, “सर, उद्यापासून काय सांगायचं?” त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला अधिक लागले. भट्टीचे कुणी विचारले तर मला बोलवायचे, असे मी त्याला सांगितले. त्यानंतर त्याने मला तीनदा बोलावले. दोनदा मी खरे ते सांगितले आणि दोन्ही कुटुंबे उठून गेली. तिसऱ्यांदा रविवारची संध्याकाळ होती, दुकान भरलेले होते आणि दोन्ही भट्ट्यांतून चिकन आणि शाकाहारी पिझ्झे जागा मिळेल तसे जात होते. मी म्हणालो, “आज दोन भट्ट्या चालू आहेत.” ते लोक बसले. मुलगा काही न बोलता ऑर्डर घेऊ लागला.