रुमालाखाली

बाबूच्या माऊसवर धूळ बसली आहे, हे मला आषाढातल्या एका दुपारी दिसलं. घरात कशाकशावर धूळ बसलीय ते बघत फिरायची मला खोड आहे, निवृत्त झाल्यापासून जरा जास्तच. फोटोंवर बसते, देव्हाऱ्यामागे बसते, ते समजू शकते. पण दिवसाचे चौदा तास माणूस ज्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून असतो, त्याच्या माऊसवर?

"बिघडलो काय रे?" चहा ठेवता ठेवता मी विचारलं.

"नाय गे आत्ये. माऊस धरीसर भाव खंयच्या खंय जाता."

बाबू माझा भाचा. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून देवगडला आला तो इथलाच झाला. पडवीतल्या ज्या खोलीत पूर्वी आंब्याची आढी लागायची, तिथे आता त्याचे दोन स्क्रीन आहेत आणि तो क्रिप्टोचं, म्हणजे कॉम्प्युटरातल्या आभासी नाण्यांचं, ट्रेडिंग करतो. त्या खोलीला अजून गवताचा वास येतो. त्याला येत नाही. शेअरबाजार निदान सव्वानऊला उघडतो, साडेतीनला मिटतो, शनिवार-रविवार अंग टाकतो. ह्या बाजाराला दारच नाही. रात्री तीनला चालू, गणेश चतुर्थीला चालू, ग्रहणातसुद्धा चालू. वेध पाळणारं तिथे कुणी नसावं.

मी उभ्याउभ्या बघत राहिले. आल्ट धरून टी दाबलं की पडद्यावर तिरकी रेघ, एच दाबलं की आडवी. १५ आकडा मारून एंटर केलं की चार्ट पंधरा मिनिटांचा, ५ मारला की पाच मिनिटांचा. आणि मुख्य तीन बटणं त्याने स्वतःच्या सोयीने लावून घेतलेली: बी म्हणजे घे, एस म्हणजे दे, एस्केप म्हणजे नको. शेअरबाजारातले लोक एफ-वन दाबून घेतात आणि एफ-टू दाबून विकतात, असंही त्याने सांगितलं. मला हसू आलं. बाकी सगळ्या प्रोग्राममध्ये एफ-वन दाबलं की मदत येते.

पण खरं सांगायचं तर भाव, रेघा, चार्टवरच्या हिरव्या-तांबड्या मेणबत्त्यांसारख्या पट्ट्या ह्यांतलं काहीच माझ्या डोळ्यांत शिरत नव्हतं. मी त्याची मनगटं बघत होते. मनगटं टेबलावर टेकलेली! डाव्या हाताची बोटं नुसती हवेत तरंगणारी, मधल्या ओळीवर एकही नाही. एफ आणि जे ह्या दोन बटणांवर बारीक उंचवटे काय शोभेला दिलेत? मी एकतीस वर्षं सरकारी टंकलेखिका होते. मराठी चाळीसची परीक्षा पहिल्या झटक्यात पास. माझ्यासमोर कुणी दोन बोटांनी टाइप करायला लागलं तर कुणी भाकरी काट्याचमच्याने खातंय असं वाटतं मला.

टायपिंग मी शिकले कणकवलीला, मावशीकडे राहून. दहा-बारा मशिनं एकदम वाजायची. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मशिनांचा आवाज कुठला नि पावसाचा कुठला, ते फक्त ओळीच्या शेवटी घंटी वाजली म्हणजे कळायचं. पहिले पंधरा दिवस नुसतं ए-एस-डी-एफ, ए-एस-डी-एफ. वरची ओळ मग. झेड-एक्स-सी-व्ही ही खालची ओळ सगळ्यांत शेवटी, कारण बोटं मुडपून खाली न्यायची म्हणजे नवशिक्यांचा हातच सुटायचा. आज तीच चार बटणं कंट्रोलच्या जोडीने अख्खं जग चालवतात: माघारी फिरव, काप, उचल, चिकटव. कापायची नि चिकटवायची ही युक्ती कॉम्प्युटरात रुजवणारे लॅरी टेस्लर २०२० मध्येच गेले. मी ते कधीतरी पेपरात वाचलं, आणि एकतीस वर्षांत खाडाखोडीची पांढरी शाई किती बाटल्या संपवली असेल ह्याचा उगाच हिशोब करत बसले होते.

बाबूला मी विचारलं, "चुकून एस दाबलंस तर? कंट्रोल-झेड असता मां?"

"ह्या धंद्यात कंट्रोल-झेड नाय, आत्ये." हे त्याने मान न वळवता सांगितलं.

म्हणजे आमच्या जुन्या मशिनसारखंच झालं. एकदा कार्बन उमटला की उमटला. पाठवलेलं नाणं चुकीच्या पत्त्यावर गेलं तर परत मागायला तिथे पोस्टमास्तरसुद्धा नाही. पूर्वी एस दाबल्यावर एक चौकट यायची म्हणे, 'नक्की विकायचं का?' म्हणून विचारणारी. ती त्याने सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकली. तेवढ्यात भाव हलतो.

ह्या चौकटीचं मला फार वाईट वाटलं. आमच्याकडे साधी विहीर खणायची झाली तरी आधी देवळात जाऊन कौल लावतात. उजवी दिली तर कुदळ मारा, डावी दिली तर थांबा. गुरव पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, मग सगळे त्या पाकळ्यांकडे बघत उभे. पाच मिनिटं जातात, कधी अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात निम्म्या लोकांचा बेत आपोआप बदललेला असतो. बाबूने कौलच बंद करून टाकला.

बटणांची जागाही मला पटेना. एस मधल्या ओळीत, डाव्या अनामिकेखाली आयतं बसलेलं. बी मात्र खालच्या ओळीत, तर्जनी ताणून न्यावी लागते. म्हणजे घ्यायला ताण, विकायला नुसता भार. अनामिका हे तसं परावलंबी बोट, तिला आपला स्वतःचा निर्णय नसतो, शेजारचं बोट हललं की हलते. आणि ज्याने बिटकॉइन हे नाणं काढलं तोही अनामिकच की. सातोशी नाकामोतो हे नाव आहे, पण त्यामागे कोण, एक की अनेक, ते अजून कुणाला कळलेलं नाही. हे सगळं मी बाबूला सांगितलं असतं तर त्याने चहा तसाच परत दिला असता.

टायपिंगचे सर मुलींच्या हातांवर रुमाल टाकायचे. म्हणजे मशिनवर हात ठेवले की वरून एक मोठा चौकड्यांचा रुमाल, बोटं दिसता कामा नयेत, डोळे कागदावर. पहिल्यांदा टाकला तेव्हा मी घाबरून हातच मागे घेतला. सर म्हणाले, "काय झालं?" मी काहीच बोलले नाही. रुमालाखाली हात घालायचे ते पुरुषांनी, आणि ते आंब्याच्या बाजारात, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

कारण बाबा. वर्षातून एकदा, पहिल्या तोडीच्या पेट्या ट्रकवर चढल्या की बाबा त्याच ट्रकने मुंबईला जायचे. बाकी मोसमभर दलालाची पट्टी पोस्टाने यायची, पण पहिला भाव डोळ्यांनी बघायचा असा त्यांचा हट्ट. आणि डोळ्यांनी तर काहीच दिसायचं नाही! दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर, दोघांच्या हातांवर रुमाल, आणि रुमालाखाली बोटं बोलतात. हत्ता म्हणायचे त्याला. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. तोंडाने अवाक्षर नाही. चारी बाजूंना माणसं उभी, पेटी उघडी, वास सुटलेला, आणि भाव फक्त दोन माणसांना माहीत. ज्याचा आंबा तो बाजूला उभा राहून रुमालाच्या हालचालीकडे बघणार.

आल्यावर बाबा ओटीवर बसून आम्हाला ते करून दाखवायचे. खांद्यावरचा पंचा पसरायचे आणि दादाचा हात खाली घ्यायचे. दादा चटकन ओळखायचा. एकदा मी हट्ट केला म्हणून माझाही हात घेतला. बाबांचा हात चिकाने भाजलेला, खरखरीत. त्यांनी माझी दोन बोटं धरली, सोडली, मग पंजा धरला. मी म्हटलं, "सात." सगळे हसले. पंचवीस होते म्हणे. पण दोनशे पन्नाससुद्धा असू शकतात, अडीच हजारसुद्धा. "ता कसा कळता?" मी विचारलं. बाबा म्हणाले, शेकडा की हजार ते बोटांनी सांगत नाहीत, ते दोघांना आधीच ठाऊक असतं. ठाऊक नसेल त्याने रुमालाखाली हातच घालू नये.

ह्या चोरट्या पद्धतीत बागायतदार किती नाडला गेला ते वेगळं सांगायला नको. बाबांनी ते रडगाणं कधी गायलं नाही. भाव काय मिळाला असं आईने विचारलं तर नुसतं "बरो मिळालो" म्हणायचे.

तर बाबूच्या खोलीत मी उभी, आणि हे सगळं डोक्यात. त्याने तेवढ्यात दोनदा एस दाबलं. मला राहवेना. आयुष्य सरकारी कागदांत गेलं, त्यामुळे टक्केवारी मला रांगोळीसारखी दिसते. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टो विकलं की पूर्ण रकमेवर एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, नफा असो नसो. नफा झालाच तर त्यावर तीस टक्के कर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. चहाच्या बशीखालच्या कागदावर मी हिशोब मांडला: भाव जागच्या जागी राहिला आणि तीच रक्कम पुन्हा पुन्हा फिरवली, तर एकोणसत्तराव्या विक्रीला हातात निम्मीच उरते. उरलेली निम्मी सरकारात. रिटर्न भरल्यावर कराला वळती होईल किंवा परत येईल, पण ती तेव्हा.

"दिवसात कितीदा एस दाबतंस तू?" मी विचारलं.

बाबूने पाच आकडा मारून एंटर केलं. चार्ट पंधरा मिनिटांवरून पाच मिनिटांवर आला.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे आषाढात लाईट जाण्याला कारण लागत नाही. पण त्या दिवशी कुठेतरी माड पडल्याचा आवाज आला, म्हणजे संध्याकाळपर्यंत आशा नाही. यूपीएस पीं पीं करायला लागला. बाबूने जे काय मिटायचं ते भराभर मिटलं, तेसुद्धा माऊसला हात न लावता, आणि दोन्ही पडदे काळे झाले. खोली एकदम लहान वाटली. पागोळ्या ऐकू यायला लागल्या.

"तुझी ऑर्डर?"

"ती थंय ऱ्हवता. आपली लाईट गेली म्हणान तेंची जायत काय?"

मग आम्ही दोघं नुसतेच बसलो. त्याला बोटांचं काय करावं ते कळेना. टेबलाच्या कडेवर ती आपली चालूच होती, अनामिका आणि तर्जनी, अनामिका आणि तर्जनी. त्याला पाहुण्यांसमोर, वहिनीसमोर, दादासमोर कितीदा तरी विचारून झालं होतं, बरं चाललंय ना? तो "बरा चल्लासा" म्हणतो. आजोबांचाच नातू.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला, टेबलावर पसरला आणि खाली हात घातला. "हात हाड."

"काय गे ह्या?"

"हाड तर."

त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. हत्ता त्याने कधी पाहिलेला नाही. तरी बाबूने हात घातला. गार होता, पावसाळ्यातल्या लोखंडासारखा.

"किती गेले?" मी विचारलं.

तो आधी हसला. मग त्याने माझी तीन बोटं धरली, आणि सोडली नाहीत.

तीन कसले, ते मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही.