पावसाळ्यात दावणीला उभा घोडा वारा का ओढतो

गव्हाणीजवळ पाच मिनिटं गप्प उभं राहून बघा. घोडा वरचा ओठ मागे सारतो, पुढचे वरचे दात गव्हाणीच्या कडेवर टेकवतो, मानेची कमान करतो. गळ्याखालचे स्नायू दोरखंडासारखे ताणतात आणि घशातून ‘हुक्’ असा जाड आवाज येतो. जरा थांबतो, कड चाटतो, पुन्हा तेच. हे क्रिबिंग, म्हणजे वारा ओढणं. काही घोडे कशालाही दात न लावता नुसती मान ताणून तोच आवाज काढतात, ते विंडसकिंग. लाकूड कुरतडणारा घोडा वेगळा. त्याच्या तोंडात भुसा सापडतो, पण असा आवाज येत नाही.

घोडा वारा गिळतो, तो पोटात साठतो आणि त्यानं पोट दुखतं, असं किनाऱ्यावर सर्रास सांगितलं जातं. एक्स-रेखाली पाहिल्यावर दिसलं ते असं, की हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात खेचली जाते आणि त्यातली बहुतेक लगेच घशात परत येते. पोटदुखीशी या खोडीचा संबंध आहे, पण तो इतका सरळ नाही. म्हणून ही खोड थांबवायला गळ्याला पट्टा आवळला की पोटशूळ टळला, हा हिशेब चुकतो.

अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, सगळीकडे घोड्यांचं वर्ष सारखंच. ऑक्टोबर ते मे वाळूवर फेऱ्या, अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत गाडी. जून उजाडला की काम बंद, घोडा तबेल्यात, अगाडी-पिछाडी बांधून. धंदा नाही म्हणून वैरणीला हात आखडतो, आणि घोडा अशक्त होऊ नये म्हणून चंदी, म्हणजे दाणा, मात्र चालू राहते. क्रिबिंग सुरू व्हायला यापेक्षा सोयीची परिस्थिती शोधून सापडणार नाही.

कारण घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरतं, तो खात असो वा नसो. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. एक किलो सुकं गवत चावायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात, एक किलो चंदी दहा मिनिटांत संपते. मोकळ्या रानात तो दिवसातले सोळाएक तास चरतो. संध्याकाळी सहाला चंदीचा तोबरा दिला आणि सकाळी सहाला पुन्हा दिला, तर मधले अकरा-बारा तास रिकामं जठर आम्ल सोसतं. जठराला व्रण पडतात. क्रिबिंग करणाऱ्या शिंगरांच्या जठरात व्रण आणि सूज जास्त सापडली आहे. काही घोड्यांत, विशेषतः शर्यतीच्या थरोब्रेड जातीत, ही प्रवृत्ती रक्तातच असते. रेसकोर्सवरून निवृत्त होऊन रायडिंगसाठी आलेला घोडा असेल तर हे आधीच धरून चाला.

तर इलाज वैरणीपासून सुरू होतो. आधी वजन काढा. कोपरामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोत वजन. घेर १५० आणि लांबी १५० भरली तर घोडा २८४ किलोचा. वजनाच्या २ टक्के कोरडा चारा रोज लागतो, म्हणजे ५.७ किलो. सुक्या गवतातही थोडं पाणी असतं, तेव्हा तोलून साडेसहा किलो धरा.

पावसाळ्यात फसगत होते ती इथेच. बांधावरचं हिरवं गवत कापून आणलं की ढीग मोठा दिसतो, पण आषाढातल्या कोवळ्या गवतात पाचातले चार भाग पाणी असतं. त्याच घोड्याला नुसत्या हिरव्यावर ठेवायचं तर रोज २८ किलो कापायला हवं. पावसात एवढं कोणी कापत नाही. अर्धं हिरवं, अर्धं सुकं धरलं तर जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांना एका घोड्यामागे ४०० किलो सुकं गवत लागतं. ते मेमध्येच साठवून ठेवलेलं असायला हवं, जमिनीपासून फूटभर वर, बांबूच्या तट्ट्यावर, भिंतीला न टेकवता. बुरशीचा वास आला किंवा झटकल्यावर धूर उडाला तर ती पेंढी घोड्यापुढे टाकू नका. बैल एकवेळ पचवेल, घोड्याला खोकला आणि पोटशूळ होतो.

वरकसावरचं, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीतलं, गवत दसऱ्याच्या सुमारास, कुसळं पक्की होण्याआधी कापलेलं घ्या. उशिरा कापलेल्या कुसळीची टोकं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, मग घोडा खाणं टाकतो. भाताचा पेंढा एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, आणि दात झिजलेल्या घोड्याला तर नकोच. नीट न चावलेला पेंढा आतड्यात अडकतो. नेपिअर म्हणजे हत्तीगवत आता बऱ्याच वाड्यांत लावलेलं असतं, पण त्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यावर गव्हाचा कोंडा दिला तर आणखी वाईट, कारण कोंड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. महिनोन्‌महिने असं चाललं की हाडं ठिसूळ होतात, जबडा सुजतो. नेपिअर थोडं आणि कोंडा मूठभर, एवढ्यावर थांबा.

चंदी एकदम बंद करायची नाही, दहा-बारा दिवसांत हळूहळू उतरवायची. काम नसलेल्या घोड्याला चारा पुरेसा असेल तर ती फारशी लागतही नाही. जी द्यायची ती तीन वेळा विभागून, आणि दर वेळी आधी गवत, अर्ध्या तासानं चंदी. भिजवलेल्या हरभऱ्यात कापलेलं सुकं गवत मिसळा, म्हणजे चावणं वाढतं. क्रिबिंग सगळ्यात जास्त दिसतं ते चंदीनंतरच्या तासाभरात, आणि गोड चवीनं ते आणखी वाढतं. म्हणून गुळाचा खडा पूर्ण बंद. प्रेमानं देतात, पण या घोड्याला तोच नडतो. वजन घटत असेल तर शेंगदाणा किंवा सोयाबीनचं तेल रोज ३० मिलीपासून सुरू करून तीन आठवड्यांत १५० मिलीपर्यंत न्या.

चारा तासन्‌तास पुरवायचा तर जाळी हवी, आणि किनाऱ्यावर जाळं विणणारे हात घरोघरी आहेत. मासेमारीचं जुनं जाळं मात्र वापरू नका. त्याचा बारीक नायलॉन हिरड्या कापतो, खूर अडकला तर पाय कापतो. जाड दोरीची, ३ ते ४ सेंटिमीटर डोळ्याची जाळी विणून घ्या. ती लाकडी खोक्याच्या तोंडावर ताणून बांधा आणि गवत खाली ठेवा. नाल मारलेल्या घोड्यासाठी टांगलेली जाळी धोक्याची असते, रिकामी झाल्यावर ती खाली लोंबते आणि नाल तिच्यात गुंतते. वाळूवर वैरण कधीच टाकू नका. वाळू पोटात जाऊन बसते. शंका असेल तर लिदीचे पाच-सहा गोळे पाण्याच्या बादलीत ढवळा, थोडा वेळ ठेवा आणि तळाशी हात फिरवून बघा.

कडांचं काय करायचं? जळकं ऑइल, मिरचीचा लेप, कडुनिंब, सगळं लोक लावून बघतात. जळकं ऑइल विषारी आहे. मिरचीला घोडा आठवड्यात सरावतो, नाहीतर दात न लावता मान ताणायला शिकतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जांभ्याची भिंत. चिऱ्यावर दात टेकवणाऱ्या घोड्याचे वरचे दात कानशीनं घासल्यासारखे उतरतात, मग आखूड गवत त्याला कापता येत नाही. त्यामुळे चिऱ्याच्या उघड्या कडा फळीनं झाका. ज्या एका जागी तो नेहमी दात लावतो तिथे मजबूत आडवं लाकूड बसवून त्यावर ट्रकच्या ट्यूबचं जाड रबर घट्ट ठोका, खिळ्यांची डोकी खालच्या बाजूला. तारेचं टायर नको. हे अनेकांना पटत नाही, पण जुनी खोड सहसा जात नाही. दात वाचवणं आपल्या हातात आहे.

पट्टा मी शेवटी ठेवतो. कामापुरता, वाहतुकीपुरता, दातांची झीज फार झाली असेल तर. बसवायचा कानांच्या लगेच मागे, गळ्याच्या सगळ्यात अरुंद जागी. मान खाली घालून खाताना दोन बोटं सपाट आत जायला हवीत. सैल पट्टा घसरून केस घासतो आणि काहीच थांबवत नाही, अति आवळलेला जखम करतो. आपल्या दमट हवेत चामड्याला दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून आतून सुती फलाणीन शिवून घ्या, रोज काही तास काढा, खालची कातडी कोरडी पुसा. काढल्या काढल्या घोडा दुप्पट वारा ओढतो, ते दाबलेलं उसळी मारून वर येतं. चारा न बदलता नुसता पट्टा बांधला तर घोडा फक्त जास्त ताणात राहतो.

जठराच्या व्रणाची शंका असेल तर पशुवैद्य आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल देतात, दर किलो वजनाला ४ मिलिग्रॅम, रोज एकदा, रिकाम्या पोटी, साधारण २८ दिवस. २८४ किलोच्या घोड्याला ते ११३६ मिलिग्रॅम होतं, तेव्हा माणसांच्या २० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या चारून काही होत नाही. लंगडेपणासाठी फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक चालू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, त्यानंही व्रण पडतात.

एका जागी बांधून ठेवण्यापेक्षा १० बाय १० फुटांच्या खणात मोकळा सोडा, शेजारचा घोडा दिसेल आणि नाकाला नाक लागेल असा. बघून दुसरा घोडा ही खोड शिकतो याला भक्कम आधार नाही, त्यामुळे एकट्याला कोपऱ्यात टाकणं चुकीचं. पावसाची उघडीप मिळाली की अर्धा तास चालवा.

सारंगखेडा किंवा माळेगावच्या बाजारातून घोडा घेत असाल तर म्होरकी आणि पट्टा काढायला लावा, चंदी द्या आणि अर्धा तास हलू नका. वरच्या पुढच्या दातांची बाहेरची कड तिरकी झिजलीय का, कानामागे केस पांढरे किंवा तुटलेले आहेत का, गळ्याखालचा स्नायू फुगलेला आहे का, हे हातानं चाचपा.

क्रिबिंग करणाऱ्या घोड्याच्या पोटदुखीकडे मात्र कधीही सहज बघू नका. यकृताजवळच्या एका अरुंद फटीत लहान आतडं शिरून अडकण्याचा धोका या घोड्यांना इतरांहून जास्त असतो, आणि त्याला शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. पुढच्या पायानं जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, लीद बंद होणं, वारंवार बसणं-उठणं, हिरड्या फिक्या किंवा लालभडक होणं दिसलं की चारा काढून घ्या आणि तेव्हाच पशुवैद्याला फोन करा. अलिबागहून परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय रस्त्यानं शंभराच्या आसपास किलोमीटर आहे, दापोली-रत्नागिरीहून त्याहून बरंच लांब. घोडा चढेल असा टेम्पो आणि त्याच्या ड्रायव्हरचा नंबर जूनच्या आधीच तबेल्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.