रबाळ्याच्या गाळ्यात उत्तर ध्रुव

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली की ऐरोलीनंतर रबाळे. स्टेशनबाहेर रिक्षा केली आणि एमआयडीसीतल्या एका गाळ्याशी उतरले. खाली छापखाना, वर माझ्या चित्रकार मैत्रिणीचा स्टुडिओ. मे महिन्याचा उकाडा, वर तापलेला पत्रा आणि समोर भिंतभर उत्तर ध्रुव! जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून केलेला.

एप्रिल १९०९ मध्ये अमेरिकन शोधप्रवासी रॉबर्ट पेअरींनी ध्रुव गाठल्याचा दावा केला. तो दावा आजही वादात आहे. पण त्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्यासोबत पाच जण होते, हे कितीजणांना ठाऊक असतं? कृष्णवर्णीय अमेरिकन मॅथ्यू हेन्सन आणि ऊटा, एगिंग्वा, सीग्लू, ऊकिया हे चार इनुइट, म्हणजे उत्तरेकडच्या त्या बर्फाळ प्रदेशातले मूळ रहिवासी. हेन्सन स्लेज बांधायचे, कुत्री हाकायचे, इनुइटांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे. पुढे न्यूयॉर्कच्या कस्टम्समध्ये त्यांनी साधी नोकरी केली. १९५५ मध्ये ते वारले. अमेरिकेतल्या मानाच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना जागा मिळाली ती थेट १९८८ मध्ये. याचा मला अजून राग येतो.

ब्रिटिश कलाकार आयझॅक ज्युलियन यांनी २००४ मध्ये हेन्सनवरून ‘ट्रू नॉर्थ’ ही अनेक पडद्यांवरची चित्रफीत केली. बर्फातून चालणारी तिच्यातली मुख्य व्यक्ती एक कृष्णवर्णीय स्त्री आहे. मैत्रिणीच्या मनात गोधडी आली ती त्यावरूनच. तिला ध्यास होता तो जहाजावरच्या बायकांचा. पेअरींच्या ‘रूझवेल्ट’ जहाजावर २२ इनुइट पुरुषांबरोबर १७ बायका होत्या, मुलंही होती. अंधाऱ्या हिवाळ्यात सगळ्या मोहिमेचे फरचे कपडे याच बायकांनी शिवले. ते नसते तर एकही माणूस जहाज सोडून चार दिवस जगला नसता.

घणसोलीच्या एक मावशी मैत्रिणीबरोबर हे काम करतात. त्यांनी गोधडीवर मुद्दाम लावलेला चामड्याचा तुकडा उलटून दाखवला. "बघा ताई, सुई आरपार गेलीच नाही. अर्ध्या जाडीतूनच टाका घेतलाय, पलीकडे भोक नाही." पाणी आत शिरू नये म्हणून इनुइट बायका असाच टाका घेत. दोरा जनावराच्या स्नायूतंतूंचा, ओला झाला की फुगून भोक बुजवणारा. मी बोट फिरवून पाहिलं, मागची बाजू सपाट होती. भिंतीवरचे माहितीचे फलक मला जास्त वाटले. हा एक तुकडा पुरेसा होता.

गोधडीच्या खालच्या काठाला अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता दिसल्या. १९८३ च्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या या पहिल्या दोघी भारतीय महिला. पंत तर आपल्या नागपूरच्या. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं पहिलं केंद्र उभं राहिलं. ते बांधणारे लष्कराचे जवान मात्र गोधडीत नाहीत. मी मैत्रिणीला तसं म्हटलं. मावशींनी लगेच विचारलं, "नावं आणून देता का? काठाला जागा आहे अजून."