मेण समदं निघतंय का वो?

प्रदर्शनात माझा मेण लावून रंगवलेला बाटिकचा स्टोल हातात घेतला की बायका आधी तो बोटांनी चाचपतात, मग नाकाजवळ नेतात आणि विचारतात. लातूर-नांदेडकडे प्रश्न असा येतो: "ताई, हे मेण समदं निघतंय का वो?" छत्रपती संभाजीनगरात तोच जरा वेगळा: "धुतल्यावर तेलकट डाग तर राहणार नाही ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निघतं. सोयाबीनचं मेण इतकं सहज निघतं, की रंग बसेपर्यंत ते निघू नये यासाठीच माझी निम्मी मेहनत जाते.

मी बाटिक शिकले ते पॅराफिन आणि मधमाश्यांच्या मेणावर. जिथे रंग नको तिथे वितळलेलं मेण लावायचं, रंगवायचं, मग मेण काढायचं. पॅराफिन खनिज तेलातून निघतं, साबण-सोड्याला ते दाद देत नाही. कापड उकळायचं, वर तरंगणारं मेण काढायचं, नवीन पाणी घ्यायचं, पुन्हा उकळायचं. तीन-तीन वेळा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आमच्याकडे कुणी विसरणार नाही. शेजारीण दोन घागरींसाठी टँकरमागे धावत असताना मी कापड उकळायला पाणी ओतायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. ते चार महिने मेणाची कढई चुलीवर चढलीच नाही. सोया मेणाकडे मी वळले ती त्यानंतर.

हे मेण म्हणजे घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. निकेलच्या मदतीने तेलात हायड्रोजन मिसळवतात, की ते गोठतं. डालडा याच रीतीने होतो. आमच्या अण्णांच्या रानात दरवर्षी सोयाबीन असतं, लातूरच्या आडतीत त्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि मेण मात्र मला मुंबईकडच्या व्यापाऱ्याकडून मागवावं लागतं. हे मला खटकतं. ते इथेच व्हावं असं मनापासून वाटतं.

तेलातून आलेलं असल्यामुळे गरम पाणी आणि साबणाच्या चुऱ्यात ते सुटतं. उकळी लागत नाही, म्हणून रेशीमही सुखरूप राहतं. पण याच गुणाने मला एकदा रडवलंय. सुती कापडावर मी वापरते तो रंग पक्का व्हायला धुण्याचा सोडा लागतो. पहिल्याच मोठ्या ऑर्डरचे बारा दुपट्टे मी मेण लावून सोड्याच्या रंगपाण्यात रात्रभर बुडवून ठेवले, पॅराफिनच्या वेळी ठेवत होते तसेच. सकाळी पाण्यावर पांढुरका फेस होता. कडा विरघळल्या होत्या, पांढऱ्या वेलींच्या जागी निळसर ओघळ. तेल आणि सोडा एकत्र आले की साबण होतो, आणि माझ्या बादलीत रात्रभर तेच चाललं होतं. तेलकट भांडी सोड्याने घासताना आई जे रोज करायची, ते मला तेव्हा उमगलं.

आता क्रम उलटा आहे. कापड आधी सोड्याच्या पाण्यात भिजवून वाळवते, मग मेण लावते. रंग बादलीत कालवत नाही. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटची खळ करून त्यात घोटते आणि ब्रशने किंवा स्क्रीनने, म्हणजे छपाईच्या जाळीच्या चौकटीने, वर चढवते. दाट रंग जागेवर थांबतो, मेणाखाली शिरत नाही. वर प्लॅस्टिक अंथरून रात्रभर ओलं ठेवते, कारण वाळलं की रंगाचं काम थांबतं. बोअरचं पाणी जड असेल तर खळीत थोडं कॅल्गॉन, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारी पूड, घालावं लागतं, नाहीतर रंग मळकट दिसतो. बुडवून रंगवायचंच असेल तर थोडा वेळ, आणि थंड पाण्यात.

मेण ५० अंशांच्या आसपास वितळतं, पण कापडात मुरायला मी ते ८० पर्यंत तापवते. कापडाच्या मागच्या बाजूला ओलसर, पारदर्शक डाग दिसला पाहिजे. पांढरं राहिलं तर मेण नुसतं वर बसलंय, रंग त्याच्याखालून खुशाल जाईल. धूर निघेपर्यंत मात्र कोणतंच मेण तापवू नका. आणि मे महिन्यात, पारा ४२ वर गेला की, मी पहाटे काम करते. दुपारी घडी घालून ठेवलेल्या कापडाचे पदर एकमेकांना चिकटतात.

ठसे स्वयंपाकघरातलेच. झारा मेणात बुडवून टेकवला की ठिपक्यांची चकती उमटते. करंजीचं कातण फिरवलं की नागमोडी काठ मिळतो. बटाटा मॅशरच्या जाड जाळीवर तर माझा फार जीव आहे. धातू उष्णता धरून ठेवतो, म्हणून लाकडापेक्षा रेघ स्वच्छ येते. एकदा मेणात गेलेलं भांडं परत स्वयंपाकात आणायचं नाही, एवढं मात्र पाळा.

वनस्पतीच्या तेलाने रंग अडवणं आपल्या देशात नवं नाही. कच्छमधले खत्री कारागीर पूर्वी बाटिकसाठी पिलूच्या झाडाच्या बियांचं तेल वापरत, पॅराफिन नंतर आलं. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

धुण्याचं पाणी मी गरमागरम मोरीत ओतत नाही. पाइपात थंड झालं की मेण तिथेच गोठतं. बादली रात्रभर ठेवते, सकाळी वर साय धरते ती झाऱ्याने काढते. साबण मिसळलेलं ते मेण पुन्हा कापडाला चालत नाही, चूल पेटवायला चालतं.

तुमच्या स्टोलचंही तुम्हीच बघा. घरी गेल्यावर तो जुन्या वहीच्या दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि कडक इस्त्री फिरवा. कागदावर तेलकट डाग उमटला, तर स्टोल मला परत आणून द्या. मी तो तुमच्यासमोर धुऊन देईन.