सचिनच्या वाटणीचा शिरा

परवा दुपारी भावाकडं गेले तर भाची आरशासमोर बसून घातलेली वेणी सोडून परत घालायली होती, ठेवणीतला ड्रेस, ओठाला कायतरी लावलेलं. म्हटलं एवढ्या उन्हात कुठं निघालीस? तर म्हणे कुठं नाही, व्ही लाइव्ह यायलाय. व्ही म्हणजे बीटीएस या कोरियन बँडमधला गायक. हिला परभणीत बसून सोलचं घड्याळ पाठ, आपल्यापुढं साडेतीन तास, म्हणजे आता तिकडं संध्याकाळ झाली, जेवला असेल का नसेल. अगं पण तो थोडाच तुला बघणारे? "माहितीये की आत्या," म्हणली आणि क्लिप लावत बसली.

आम्हाला तरी कुठं माहीत नव्हतं. चिखलाची भाकरी पळसाच्या पानावर ठेवून "थांब, पोळंल" म्हणत फुंकायचो, आणि एखादं पाहुणं लेकरू "ही तर माती आहे" म्हणलं की ते खेळातून बाद. (असली लेकरं मोठी झाली तरी तशीच राहतात, एक आमच्या ऑफिसात आहे.)

१९९८चा एप्रिल, सुट्टीत आजोळी होतो. २२ तारखेला शारजात वाळूचं वादळ आलं आणि नंतर सचिननं १४३ मारले, आम्ही मॅच हारलो पण फायनलला गेलो, ते अख्ख्या गावाला पाठ. २४ला फायनल आणि त्याचा पंचविसावा वाढदिवस. आम्ही पोरींनी दुपारीच वाड्यात तीन दगडांची चूल मांडून बोळक्यात खराखुरा शिरा केला, गुळाचा, खाली लागलेला, आणि एक वाटा सचिनचा म्हणून बाजूला ठेवला. स्टेशनवरून त्याला कोण आणणार, तो माळवदावर झोपंल का, त्याला उकडंल का, यावर जोरदार भांडणं. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ आला, म्हणला मीच सचिन, आणि वाटा खाऊन मोकळा. रात्री त्यानं १३४ मारले, म्हणजे खऱ्यानं.

टीव्हीतल्या माणसाशी होणाऱ्या असल्या एकतर्फी ओळखीवर हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ सालीच लेख लिहून ठेवलाय. आमच्या गल्लीत तेव्हा टीव्ही सोडा, लाईटचाच पत्ता नसणार.

आणि तो वाटा खाणारा भाऊ आता लेकीला म्हणतो, कोण कुठला तो, तुला ओळखतो तरी का. मी शिऱ्याचं नाव काढलं की विषय बदलतो.

दहावी झाली की हिला लातूरला टाकायचं चाललंय. हॉस्टेलवर फोन जवळ ठेवू देत नाहीत म्हणे. मला उगंच काळजी वाटली, कारण घरच्यांना जे सांगत नाही ते ही व्हीच्या पोस्टरला सांगत असती, मी दाराआडून ऐकलंय. विचारलं, मग तिकडं त्याच्याशी कसं बोलशील गं?

"त्याला फोन कशाला लागतो?"